माळ्यावरची बेगमी आणि माळ्यावरची अडगळ

घट बसायच्या आधी आमच्याकडं दरवर्षीसारखं घर धुवायला काढलं. कोल्हापुरात त्या दिवसांत पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्यावर चादरी-वाकळांचे नुसते ढीग असतात, तसाच आमच्या मधल्या खोलीतपण झाला. यंदा लेकीनं कुठल्या तरी रीलवरनं नियम आणला होता, सहा महिन्यांत हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर. आणि तिनं सगळ्यात आधी ओढली ती पत्र्याची ट्रंक. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, खालनंच ओरडल्या, "ती हलवू नगं, पाऊसकाळाची हाय ती!"

इथंच सगळा घोळ आहे. बेगमी आणि अडगळ दिसायला अगदी सारख्याच, दोन्हींवर धूळ असते, दोन्ही माळ्यावर असतात, दोन्हींना महिनोन्‌महिने कोण विचारत नाही. पण बेगमीचं कसं असतं, ती कधी लागणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि अडगळीला विचारलं तर एकच उत्तर येतं, "लागतंय की कधीतरी."

आमचं घर शुक्रवार पेठेत. जामदार क्लबपर्यंत पंचगंगेच्या पुराचं पाणी आलं की आमच्या गल्लीत झोप उडते. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट झालं की इशारा, 43 ला धोका, जुनी माणसं अजून शिवाजी पुलाकडं बघून मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का, विचारतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला जुलैत परत तेच. दोन्ही वेळा घर सोडताना ती ट्रंक बरोबर नेली, आत दोन वाकळा, मेणकापड, टॉर्च, काडेपेट्या आणि कागदपत्रांची पिशवी. आता लेकीचा नियम लावला तर ही ट्रंक मार्चमध्येच भंगारात जाईल, आणि जुलैत आम्ही कपाळाला हात लावून बसणार.

चटणीचंपण तसंच. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण, खोबरं, मसाला भाजून डंकावर नेऊन कुटून आणायचं आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचं, मधी हिंगाचे खडे, तोंडाला फडकं. वर्षाची म्हणून भरतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरणीचा तळ दिसतो. बेगमीची ही खूण मला पक्की वाटते, ती संपते आणि परत भरली जाते. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालणं, मधनंमधनं ऊन दाखवणं, भरलेला दुसरा सिलिंडर, सगळं ह्याच खात्यातलं. बेगमीला राबावं लागतं हो, नुसती ठेवून दिली की तिला किडे लागतात.

अडगळ कधी संपत नाही, वाढतेच. श्रीखंडाचे आणि आईस्क्रीमचे मोकळे डबे आमच्याकडं 31 निघाले, झाकणं 19, आणि एकाला दुसरं बसेना. मोबाईलचे मोकळे बॉक्स, मिक्सर कधीच गेला त्याचं भांडं, लग्नातल्या आहेराची एकावर एक लावलेली साड्यांची खोकी. ह्याच्यावर फार बोलण्यासारखं काय नाही, रद्दीवाल्याला हाक मारायची नायतर बोहारणीला द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

खरी डोकेदुखी वेगळीच, बेगमीचीच अडगळ कधी होते ते कळतच नाही. त्याच ट्रंकेच्या शेजारी वातीचा स्टोव्ह होता. एके काळी तो पक्का बेगमीतला, पण आता रॉकेल मिळायचं कुठं? तो आम्ही तसाच सात-आठ वर्षं पुसून ठेवत होतो, आत्तींना विचारलं तर म्हणतात असूदे. वाढपाची 40 ताटं आणि ते दोघांनी उचलायचं पातेलं, घरात मांडव पडायचा तेव्हा त्याला मान होता, आता बारशापासनं सगळं कार्यालयात, भांडी त्यांचीच. वाकळापण सात होत्या, माणसं सात होती म्हणून. आता घरात आम्ही चौघं.

त्यामुळं आम्ही लेकीचा नियम मोडून वेगळं विचारलं, प्रत्येक वस्तूला: कधी लागणार, कुणाला, आणि किती. महिन्याचं नाव सांगता आलं तर माळ्यावर, नाय आलं तर दारात. ह्यात तीन वाकळा गेल्या, 40 मधली 30 ताटं गेली, पातेलं तालमीच्या पोरांना दिलं, महाप्रसादाला होतंय म्हणून त्यांनी उड्या मारत नेलं. स्टोव्ह भंगारात गेला तेव्हा आत्ती तासभर कुणाशी बोलल्या नाहीत. आठवणीच्या वस्तूंना मात्र हा प्रश्न विचारू नये असं माझं मत आहे, सासऱ्यांचा फेटा कधी लागणार म्हणून विचारणार काय? तो राहिला, एकच, कपाटात वरच्या फळीवर.

राहता राहिला तांब्याचा बंब. मालक म्हणतात मोडीत चांगला भाव येईल, गीझर असताना कोण पेटवणार. आत्ती म्हणतात, "माझ्या म्हायेरचा हाय." लेक म्हणते त्यात झाड लावून दारात ठेवू. तिघांचं काय जमेना, म्हणून सध्या त्यात मी उरलेली झाकणं भरून ठेवलीत.