सरंजाम वेगळा, सार्वभौमत्व वेगळं

आमच्या लांजा-राजापूरकडे म्हातारी माणसं अजून "ते गाव खोतांचं" असं बोलतात, मग पोरं विचारतात खोत म्हणजे तिथला राजा होता का. नव्हता. खोत गावाचा सारा गोळा करायचा, सरकारचा सरकारात भरायचा, आपला वाटा ठेवायचा, लोकांना जाच पण खूप झाला, अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून कित्येक वर्षं संप केला, बाबासाहेबांनी 1937 ला खोती मोडायचं बिल आणलं, आणि शेवटी 1949 च्या कायद्याने खोती गेली. जे वरच्या सरकारला एका कायद्याने काढून घेता येतं ते राज्य नव्हे, तो नुसता हक्क. खोती आणि सरंजाम एकच नाहीत, सरंजाम फौज बाळगण्यासाठी मिळायचा, पण दोन्हीत हातात येतो तो महसूल, मुलुख नाही.

सार्वभौमत्व म्हणजे त्या जमिनीवर शेवटचा शब्द तुमचा, वर कोणी नाही. युरोपात हे हळूहळू घडलं, 1648 चे वेस्टफालियाचे तह त्यातला मोठा टप्पा, पण सगळं त्याच वर्षी सुरू झालं असं जे पाठ करवून घेतात ते मला पटत नाही. 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात राज्याच्या चार खुणा दिल्यात, कायमची वस्ती, ठरलेला प्रदेश, सरकार, आणि दुसऱ्या राज्यांशी संबंध ठेवायची क्षमता. महसुलाचं नावसुद्धा नाही बघा त्यात! सावंतवाडी संस्थानाकडे पहिल्या तीन होत्या, चौथी इंग्रजांच्या हातात.

आता रायगड घ्या. भोसल्यांकडे पुणे-सुप्याची जहागीर आधीपासून होतीच, नंतर किल्ले आले, आरमार आलं, तरी आदिलशाहीच्या लेखी महाराज जहागीरदाराचा मुलगाच. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला, स्वतःचा शक सुरू झाला, स्वतःचं नाणं आलं, आणि इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तिथे हजर होता, त्याच वेळी इंग्रजांशी तह पण झाला. मला तर त्या सोहळ्यातली ही तहाची गोष्ट सिंहासनाइतकीच मोठी वाटते, कारण जहागीरदार परक्या सत्तेशी स्वतःच्या नावाने असा तह करत नाही.

आणि हाच फरक पुढे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. 1954 ला दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली, भारत दमणहून तिकडे जाऊ देईना म्हणून पोर्तुगाल 1955 ला कोर्टात गेला. त्यांचं म्हणणं, 1779 च्या पुण्याच्या तहाने मराठ्यांनीच हा मुलुख आम्हाला दिला. तहात गोष्ट होती वर्षाला 12,000 रुपये उत्पन्नाच्या गावांची. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायाधीशांनी तह खरा धरला, पण म्हणाले मराठ्यांनी दिला तो फक्त महसुलाचा हक्क, जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नाही. आपल्या दप्तरातला शब्द जगाच्या कोर्टात, वाचताना अंगावर काटा आला माझ्या.

पण निकाल तिथे थांबत नाही आणि मला वाटतं खरी शिकण्यासारखी गोष्ट इथेच आहे. मराठेशाही गेल्यावर इंग्रज आले, त्यांनी त्या गावांत पोर्तुगीजांचाच एकट्याचा अंमल बघितला आणि तो तसाच मान्य केला, पुढे भारतानेही न बोलता चालवून घेतला. म्हणजे सरंजाम म्हणून दिलेलं, शेजाऱ्यांनी मान्य करत गेल्याने सार्वभौमत्व झालं. त्यामुळे कोर्टाने साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जायचा हक्क धरला, फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नाही, आणि भारताने त्या हक्काविरुद्ध काही केलेलं नाही असंही म्हटलं.