‘पोलिउतो’: नेपल्समध्ये अडलेला ऑपेरा

‘पोलिउतो’ला संगीत दिलं गाएतानो दोनिझेत्तीने, पण त्यामागे लकडा लावला होता एका गायकाने. आदोल्फ नूरी हा पॅरिस ऑपेराचा पहिल्या मानाचा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक. १८३७ मध्ये तिथे जिल्बेर द्युप्रेला आणलं गेलं. तार सप्तकातला वरचा ‘सी’ नूरी हलक्या, वरच्या आवाजात घ्यायचा. द्युप्रे तोच सूर भरदार छातीच्या आवाजात लावायचा आणि थिएटर डोक्यावर घ्यायचा. मानी नूरीने पॅरिस सोडलं आणि पुढच्या वर्षी नेपल्समध्ये दोनिझेत्तीकडे इटालियन पद्धतीची गायकी शिकायला बसला.

कॉर्नेयच्या ‘पोलियुक्त’ या १७व्या शतकातल्या फ्रेंच नाटकावर ऑपेरा करा, हे त्याने सुचवलं. साल्वादोरे काम्मारानोने संहिता लिहिली. रोमन अमलाखालच्या आर्मेनियात पोलिउतो गुपचूप ख्रिस्ती होतो. त्याची बायको पाओलिना हिचा जुना प्रियकर सेव्हेरो मेला असं सगळे धरून चाललेले असतात. तो अधिकारी होऊन परत येतो. शेवटी नवरा-बायको दोघंही सिंहांपुढे जातात.

ऑगस्ट १८३८ मध्ये नेपल्सचा राजा फर्दिनांद दुसरा याने नाटकशाळेत पोलिउतोसारख्या ख्रिस्ती संताचं हौतात्म्य दाखवायला साफ नकार दिला. खरं तर यात धर्माची टिंगल कुठेच नाही, उलट गौरवच आहे. पण देवाधर्माची जागा देवळात, असा राजाचा खाक्या. वैतागलेला दोनिझेत्ती पॅरिसला निघून गेला. नूरी मागे राहिला. ८ मार्च १८३९ च्या पहाटे त्याने उंचावरून उडी घेऊन जीव दिला. वय ३७. पार्थिव फ्रान्सला नेताना मार्सेयच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, तेव्हा ऑर्गनवर संगीतकार शोपँ होता. त्याने शूबर्टचं एक गीत वाजवलं.

दोनिझेत्तीने मात्र स्वररचना वाया जाऊ दिली नाही. फ्रेंच नाटककार स्क्रीबकडून फ्रेंच संहिता घेऊन, बॅले वगैरे पॅरिसच्या रिवाजाची भर घालून १० एप्रिल १८४० रोजी पॅरिसमध्ये ‘ले मार्तीर’ (‘हुतात्मे’) उभा राहिला. नायकाची भूमिका कोणाला? द्युप्रेला!

मूळ इटालियन ‘पोलिउतो’ नेपल्सच्या सान कार्लो थिएटरात लागला ३० नोव्हेंबर १८४८ रोजी. दोनिझेत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता; राजा तोच होता. १९व्या शतकात हा ऑपेरा बऱ्यापैकी चालला, मग मागे पडला. डिसेंबर १९६० मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाने हंगामाची सुरुवात त्याने केली. नायक होता फ्रांको कोरेल्ली, पण सगळ्यांचे डोळे लागले होते पाओलिना झालेल्या विख्यात गायिका मारिया कॅलासकडे.