रद्दीतले फोटो आणि सोलापूरची आठवण

जुना वाडा पाडायला काढला की भांडी नातेवाइकांत वाटली जातात, सागवानी तुळया विकल्या जातात आणि ट्रंकेच्या तळाशी उरलेले फोटो रद्दीवाल्याकडे जातात. बेवारस झालेल्या अशा घरगुती फोटोंतून कलाकृती उभ्या करण्याची परंपरा जगात आहे. सोलापूरसारख्या शहरात हे काम व्हायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून आधी तिची पार्श्वभूमी.

कॅमेरा हौशी हातांत गेला तिथून ही गोष्ट सुरू होते. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने रोल भरलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. फोटो काढून झाले की अख्खा कॅमेराच कंपनीकडे धाडायचा, धुणं-छापणं त्यांचं. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ही हौस पोचवली ती मुख्यतः आग्फा क्लिक-थ्रीने. १२० चा रोल, त्यात १२ चौकोनी फोटो. बाराच फोटो मिळायचे, म्हणून काय टिपायचं ते आधी ठरायचं: बारसं, जावळ, नवी सायकल, गावाला निघालेली लेक.

पुढे हेच फोटो कलावंतांच्या हाती आले. १९७१ मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तियाँ बोल्तान्स्कीने एका मित्राच्या घरचे १९३९ ते १९६४ मधले फोटो घेऊन त्यांची नव्याने मांडणी केली. ते पाहून त्या कुटुंबाविषयी फारसं काही कळत नाही. सगळ्याच घरांचे अल्बम एकसारखे असतात, एवढं मात्र लख्ख कळतं. जर्मनीच्या योआखिम श्मिडने १९८२ पासून तीस वर्षं रस्त्यांवर पडलेले, फाडून टाकलेले फोटो उचलले. थोमा सोव्हाँ या फ्रेंच संग्राहकाने २००९ पासून बीजिंगमध्ये लाखो निगेटिव्ह किलोच्या भावाने विकत घेतल्या. त्या फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी भंगारात आल्या होत्या. त्यांतून सामान्य चिनी माणसाची हौसमौज, फ्रिजशेजारची पोझ, समुद्रकाठची सहल असं सगळं वर आलं.

भारतात वाट थोडी वेगळी झाली. विवान सुंदरम यांनी आपले आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी हौसेने काढलेले घरचे फोटो २००१ च्या सुमारास एकमेकांत मिसळून नवी चित्रं रचली. अमृता शेरगिल त्यांची मावशी. म्हणजे फोटो घरचेच, नावंही ठाऊक. २०१० मध्ये अनुषा यादव यांनी सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ने कुटुंबांकडून फोटोसोबत त्याची हकिकतही मागितली. मला हीच वाट आपली वाटते. युरोपातल्या त्या कामांना निनावीपणातून धार येते. सोलापुरात निनावीपणा हाच तोटा आहे.

कारण शहराचा कणा असलेला कामगार सरकारी कागदांत दिसतो तो संख्येने. १८७७ च्या जुन्या मिलपासून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांपर्यंत भोंग्यांवर चालणारं हे शहर. त्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकेक करत बंद पडल्या. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांची नावं शहराने चौकाला, सभागृहाला देऊन जपली, ते योग्यच. पण त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या हजारोंच्या घरांत कसलं स्वयंपाकघर होतं, विणकरांच्या पूर्वभागात माग कुठे मांडलेला असायचा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई दारात कशी बसायची, हे सांगायला घरगुती फोटोच कामी येतील. फोटो काढणाऱ्याचं लक्ष बाळावर असतं. इतिहास त्याच्या मागच्या भिंतीवर आपसूक येऊन बसतो.

म्हणून फोटोची पाठ तोंडाइतकीच जपायची. सोलापुरात तिथला मजकूर मराठीत असेल, तेलुगूत असेल, कन्नड किंवा उर्दूतही असेल, आणि तो वाचायला चार आळ्यांतली माणसं एकत्र बसवावी लागतील. सामुदायिक आठवण तयार होते ती अशा बसण्यातून. स्कॅन दोन्ही बाजूंचा करावा, एका घरातून आलेला गठ्ठा सुटा करू नये, तो कुठून आला ते लगेच लिहून ठेवावं. गठ्ठा फुटला की कोण कुणाची बहीण, कुठली आळी हे धागे तुटतात, मग कितीही सुंदर प्रिंट काढा.

हक्काचा प्रश्नही आहे. रद्दीतून कागद विकत घेतला तरी फोटोचा कॉपीराइट मिळत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. कायद्यापलीकडे माणसांचा विचार आहेच. अंत्ययात्रेचा किंवा मोडलेल्या लग्नाचा फोटो भिंतीवर लावण्याआधी घरच्यांना शोधायला हवं आणि ते नको म्हणाले तर तो उतरवायला हवा.

हे काम लांबवण्यासारखं नाही. शेवटच्या पाळ्यांत तरुण म्हणून उभे राहिलेले कामगार आता म्हातारे झाले आहेत; चेहरे ओळखतील ते त्यांच्याच पिढीतले. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला पुण्या-मुंबईला गेलेली सोलापूरकर घरं परत येतात. होम मैदानाजवळ तेव्हा दोऱ्या बांधून हे फोटो टांगावेत आणि प्रत्येकाखाली कोरा कागद व पेन्सिल ठेवावी.