एचआयव्हीचे रेणवीय साथरोगशास्त्र : भारतातील साथीचा प्रारंभकाळ

विषाणूच्या जनुकीय क्रमातील साम्यभेदांवरून साथ कोठून आली, किती वाटांनी शिरली आणि कोणकोणत्या लोकसमूहांतून पसरली याचा माग घेणारी अभ्यासशाखा. एचआयव्हीचे जनुकद्रव्य नकलताना झालेल्या चुका त्याचे विकर दुरुस्त करत नाही, त्यामुळे एकाच रुग्णाच्या शरीरातही विषाणूची अनेक रूपे तयार होतात. साथ नवी असताना मात्र निरनिराळ्या बाधितांमधील विषाणूंत फारसे अंतर पडलेले नसते. वंशवृक्षाच्या (जनुकीय साम्यावरून आखलेल्या विषाणूंच्या नातेसंबंधांच्या आराखड्याच्या) फांद्या जवळजवळ एकाच ठिकाणाहून फुटलेल्या दिसतात. शिरकाव मोजके आणि प्रसार वेगाचा, असा याचा अर्थ लावतात. पुढे नवे शिरकाव आणि संकर (दोन विषाणूंच्या जनुकद्रव्याच्या सरमिसळीतून बनलेली रूपे) यांनी हे चित्र गढूळ होते, म्हणून सुरुवातीच्या नमुन्यांचे मोल मोठे.

भारतात हा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नईतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेले रक्तनमुने वेल्लोरला तपासले गेले. त्या काळी एड्स हे पाश्चात्त्यांचे दुखणे समजले जाई. विषाणूने वेगळीच साक्ष दिली : १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत भारतीय विषाणू अमेरिका-युरोपातील ‘बी’ उपप्रकारापासून (एचआयव्हीच्या जनुकीय गटांना अशी अक्षरनावे आहेत) दूर आणि दक्षिण आफ्रिकेतील एका नमुन्याच्या जवळ निघाले. हा ‘सी’ उपप्रकार. भारतातील ९० टक्क्यांहून अधिक संसर्ग त्याचेच आहेत आणि बहुतेक भारतीय नमुने वंशवृक्षावर एका स्वतंत्र शाखेत बसतात. उत्परिवर्तनाच्या वेगावरून मागे मोजत गेलेल्या अभ्यासांनी या शाखेचा समान पूर्वज साधारणपणे १९७० च्या दशकाच्या आसपास ठेवला आहे. म्हणजे चेन्नईत सापडला तेव्हा तो इथे नवखा नसावा.

ईशान्येची गोष्ट निराळी. मणिपूरमध्ये शिरेतून हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत थायलंडमधील ‘बी’ उपप्रकार आढळला. हेरॉइन म्यानमारकडून येई, आणि विषाणूही त्याच वाटेने आला असावा. पुढे तिथे ‘बी’ आणि ‘सी’ यांचे संकर दिसू लागले. थायलंडमध्येही १९८० च्या दशकाअखेरीस एकाच देशात जणू दोन साथी होत्या : सुई वापरणाऱ्यांत मुख्यतः ‘बी’, तर लैंगिक संबंधांतून पसरलेला ‘ई’ (आता संकरित रूप म्हणून वर्गीकृत).

या पद्धतीच्या मर्यादा दुर्लक्षिल्या जातात. सुरुवातीचे नमुने गुप्तरोग दवाखाने आणि वेश्यावस्त्यांतून आले. जिथे रक्त घेतलेच नाही, तिथला विषाणू वंशवृक्षावर नसतो. दोघांचे विषाणू जुळले, तरी कोणाकडून कोणाला संसर्ग झाला हे केवळ त्यावरून सिद्ध होत नाही; तिसरी व्यक्ती मध्ये असू शकते.

पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा या अभ्यासात मोठा वाटा आहे. तिच्या सहभागाने १९९९ मध्ये नुकताच संसर्ग झालेल्या सहा जणांच्या विषाणूंचे जवळजवळ संपूर्ण जनुकीय क्रम प्रसिद्ध झाले. पाच ‘सी’, आणि एक ‘ए’ व ‘सी’चा संकर. संकर ओळखण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी ‘सिमप्लॉट’ ही संगणक प्रणाली याच शोधनिबंधातून पुढे आली.