उसाचा उतारा आणि त्यामागची जुनी केमिस्ट्री

गाळप सुरू झालं की पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलापासून (साखर आयुक्तांचं ऑफिस) थेट मांजरीच्या ऊस संशोधन संस्थेपर्यंत एकच चर्चा, उतारा किती बसला. म्हणजे १०० किलो उसातून साखर किती किलो निघाली. एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला उसाचा द्यायचाच असा किमान दर, सध्या १०.२५ टक्के उतारा धरून ठरते, त्याच्यावर गेला की दर वाढतो. म्हणून भांडणं.

आता साखरेचा दाणा म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज म्हणजे ग्लुकोज नि फ्रुक्टोज एकमेकांना जोडलेले. गंमत अशी की दोघांतही ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, फक्त मांडणी वेगळी. हे कळायला मात्र लोकांना शंभरेक वर्षं लागली. १७४७ मध्ये बर्लिनच्या मारग्राफ नावाच्या केमिस्टने बीटातून साखर काढली, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर खडे अगदी उसाच्या साखरेसारखेच. मग १८१५ मध्ये फ्रान्सच्या बियो ह्या शास्त्रज्ञाला दिसलं की साखरेच्या पाण्यातून पोलराइज्ड प्रकाश (ज्याच्या लाटा एकाच पातळीत हलतात असा) सोडला की तो वळतो, म्हणजे ती पातळी फिरते, आणि साखर जितकी जास्त तितका जास्त वळतो. बस्स, साखर न आटवताच मोजायची सोय झाली! कारखान्याच्या लॅबमध्ये आजही रसाचा 'पोल', म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतात तो ह्याच तत्त्वावर.

पुढे १८३० च्या दशकात दिसलं की त्याच पाण्यात थोडं अ‍ॅसिड घालून गरम केलं की प्रकाश उजवीकडे वळायचा तो डावीकडे वळायला लागतो, कारण सुक्रोज तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटे होतात आणि फ्रुक्टोज डावीकडे जास्त जोरात ओढतो. ह्या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. १८४७ मध्ये फ्रेंच केमिस्ट द्युब्रुनफोने त्यातला फ्रुक्टोज ओळखला.

आपल्या शेतकऱ्याचं नुकसान इथेच होतं. तोडलेला ऊस ट्रॉलीत दोन-तीन दिवस वाळत पडला की आतलं एन्झाइम हेच काम करतं, सुक्रोज फुटतो, आणि इन्व्हर्ट शुगरचा काय दाणा पडत नाही, ती जाते मळीत. रसात चुना टाकतात त्यामागेही हेच एक कारण आहे, रस आंबट राहिला तर उकळताना साखर फुटणार. काकवीवाले बरोब्बर उलटं करतात, मुद्दाम सायट्रिक अ‍ॅसिड टाकतात म्हणजे बाटलीत खडे धरत नाहीत.

ग्लुकोजची नेमकी मांडणी जर्मन केमिस्ट एमिल फिशरने १८९१ मध्ये सांगितली, त्यात रेणूचं उजवं-डावं (आरशातल्या जोडीपैकी खरा कुठला ते) त्याने चक्क अंदाजाने धरलं होतं, आणि १९५१ मध्ये तो अंदाज बरोबर निघाला (नशीब!). दुधातला लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, माल्टोज म्हणजे दोन ग्लुकोज, बाकी तत्त्व तेच.

त्यामुळे गूळ की साखर ह्या वादात गुळवाल्यांनी जरा दमानं घ्यावं. गुळात थोडी खनिजं आणि थोडी इन्व्हर्ट शुगर असते, म्हणून तर पावसाळ्यात ढेप पाझरते, पण मोठा हिस्सा सुक्रोजच.