परंपरा वेगळी, चालीरीत वेगळी: कॅथलिकांनो, वादात आधी हे दोन सुटे करा

खान्देशात आपण कॅथलिक तसे मूठभर. भुसावळला रेल्वेच्या नोकरीमुळे आलेली गोव्याकडची आणि तमिळ घरं, जळगाव-धुळ्यात थोडेफार, नंदुरबारकडे आदिवासी कुटुंबं. आजूबाजूला मात्र प्रोटेस्टंट पंथांचे लोक भरपूर, अलायन्सवाले, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेन्टेकॉस्टल, घरोघरी प्रार्थनासभा घेणारे, आणि सोयरिकी पण त्यांच्याशीच. त्यामुळे लग्नात पंगतीला बसलं की शेजारचा मामेभाऊ हमखास विचारतो, "कोठे लिखेल शे भाऊ, दखाड!" (बायबलात कुठं लिहिलंय, दाखव) आणि आपला माणूस छाती काढून सांगतो, "ती आमची परंपरा आहे." कशाबद्दल? राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतात त्याबद्दल. मग विषय बाळाच्या बाप्तिस्म्यावर जातो, तिथं पण हेच उत्तर. फादर लग्न का करत नाहीत? परंपरा. रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना)? परंपरा. सगळं एकाच पोत्यात. मग समोरच्याने राखेवर तुम्हाला गप्प केलं की बाप्तिस्माही आपोआप हरला, कारण दोन्ही एकाच दाव्यावर उभं करणारे तुम्हीच.

चालीरीत काय असते हे सांगायची गरज नाही, ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. नाताळच्या नेवऱ्या, झावळ्यांचा रविवार, बुधवारची नोव्हेना (नेमाची प्रार्थना), ८ सप्टेंबरला वेलांकणी मातेचा सण, शुक्रवारी मटण बंद. या गोष्टी चर्चच्या कुशीत वाढल्या, छान आहेत, मला स्वतःला नोव्हेना फार आवडते. पण चर्च त्या बदलू शकतं आणि बदलतंही. १९६९ मधे रोमने भारतातल्या मिस्सेसाठी (चर्चमधली मुख्य उपासना) बारा गोष्टींना परवानगी दिली, त्यात आरती आली, चपला काढून जमिनीवर बसणं आलं, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे आले, पंचांग प्रणाम (गुडघे, हात, कपाळ टेकून) आला. त्याच्या थोडंच आधी मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला होता. म्हातारी माणसं कुरकुरली असतील, पण श्रद्धा होती तीच राहिली. चालीरीत म्हणजे एवढंच, पुढे चला.

आता खरी गोची. प्रेषितांची, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांची परंपरा, जिला आपण पवित्र परंपरा म्हणतो, ती म्हणजे "खूप जुनी चाल" नव्हे. हे वाक्य मला चर्चच्या दारावर लिहून लावावंसं वाटतं. बहुतेक लोकांच्या डोक्यात मोजपट्टी वयाची असते, शंभर वर्षांची ती चाल, हजार वर्षांची झाली की परंपरा. साफ चूक. लॅटिन चर्चमधे (कॅथलिकांची पश्चिमेकडची मोठी शाखा) फादरांनी अविवाहित राहायचं हा नियम शेकडो वर्षांचा आहे, ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने (बिशपांची सभा) तो अजून घट्ट केला, तरी ती शिस्तच आहे, परंपरा नाही. पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चेसपैकी कितीतरी ठिकाणी लग्न झालेल्या पुरुषांना याजकपदाची दीक्षा देतात आणि तेही पोपच्याच छत्राखाली. आपण ज्याला पहिला पोप मानतो त्या पेत्राला सासू होती हे तर मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे. म्हणून स्वतःला बिलिव्हर म्हणवणारा कोणी प्रोटेस्टंट "पेत्राचं लग्न झालं होतं" म्हणाला तर भांडू नका, हो म्हणा, चहा घ्या.

मोजपट्टी वयाची नाही, उगमाची आहे. प्रेषितांनी ख्रिस्ताकडून आणि पवित्र आत्म्याकडून जे घेतलं आणि तोंडाने, वागण्याने, उपासनेने पुढच्यांच्या हाती दिलं ती परंपरा, आणि ती कोणालाच रद्द करता येत नाही, पोपलाही नाही. लोकांना वाटतं कॅथलिकांचा पोप वाटेल ते ठरवतो. उलट आहे. जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मधे रोझरीत प्रकाशाची पाच रहस्यं (येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरचं चिंतन) वाढवली, कारण रोझरी भक्तीचा एक प्रकार आहे, त्यात भर घालता येते. पण त्याच पोपनी १९९४ मधे सांगितलं की स्त्रियांना याजकपदाची दीक्षा द्यायचा अधिकार चर्चला नाहीच. तुम्हाला ते पटो न पटो, फरक बघा, एकीकडे "आम्ही वाढवतो" आणि दुसरीकडे "आमच्या हातात नाही".

अजून अवघड म्हणजे या दोन गोष्टी एकाच प्रसंगात मिसळून येतात. बाळाचा बाप्तिस्मा घ्या. पाणी, आणि "पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने" हे शब्द, हे प्रभूचं. बाळाला बाप्तिस्मा देणं, हे आपण म्हणतो प्रेषितांकडून आलेलं, आणि तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक ओरिजेन हेच म्हणतो. त्याच्याही आधीचा लेखक तेर्तुल्लियन "लहानांना घाई कशाला" म्हणून कुरकुरतो, म्हणजे प्रथा तेव्हा होतीच, नाहीतर तो कुरकुरला कशावर? पण पांढरा फ्रॉक, मेणबत्ती, गॉडमदरने आणलेलं सोन्याचं पेंडल आणि नंतरची बिर्याणी ही चालीरीत. मेणबत्ती विझली म्हणून बाप्तिस्मा रद्द होत नाही, पाणी किंवा शब्द नसेल तर झालाच नाही. "तुम्ही नुसतं पाणी ओतता, बुडवत नाही" असं कोणी हिणवलं तर दिदाखे नावाच्या फार जुन्या पुस्तिकेत स्पष्ट आहे की वाहतं पाणी उत्तम, पण तशी सोय नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. उन्हाळ्यातली तापी ज्याने बघितलीय त्याला हे पटायला हरकत नाही. आणि हो, सीएनआयमधे बाळाचा न मोठ्याचा दोन्ही बाप्तिस्मे चालतात, तेव्हा या मुद्द्यावर सगळे प्रोटेस्टंट एका बाजूला आहेत असं समजून बोलू नका.

आता वचनांकडे, कारण समोरचा मार्क ७ काढणारच. येशू परुश्यांना (धर्मनियम कडक पाळणारे यहुदी) म्हणतो, तुम्ही माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा बाजूला सारता. बरोबर आहे. पण तिथं कोणती गोष्ट चाललीय ते वाचा. कुर्बान. आई-बापाला द्यायचा पैसा "देवाला वाहिलाय" म्हणून सांगायचं आणि म्हाताऱ्यांना उपाशी ठेवायचं. देवाची आज्ञा मोडणारी माणसांनी काढलेली पळवाट होती ती. तोच निकष आपल्याही चालींना लावा, सणाच्या मिरवणुकीपायी कोणी आईचं औषध थांबवत असेल तर मार्क ७ त्याच्यासाठीच आहे. पण पौल २ थेस्सलनीका २:१५ मधे सांगतो की आम्ही तोंडी किंवा पत्राने जे शिकवलं ते घट्ट धरा. तोंडी. आणि प्रेषितांची कृत्ये २०:३५ मधे तो प्रभूचं एक वाक्य सांगतो, घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता, जे चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. ते त्याच्यापर्यंत पोचलं कसं?

पण इथंच आपले लोक घोडं पुढे दामटतात. "चर्चने बायबल बनवलं, म्हणून चर्च बायबलच्या वर." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या देई व्हेर्बुम या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. आणि पवित्र शास्त्र न परंपरा ही दोन वेगळी गोदामं नाहीत, की अर्धा माल इकडे अर्धा तिकडे, दोन्ही एकाच झऱ्यातून येतात. परंपरा म्हणजे बायबलबाहेरच्या गुप्त गोष्टींची यादी समजणारा कॅथलिक प्रोटेस्टंटाइतकाच गोंधळलेला असतो. बरोबर मुद्दा एवढाच मांडा: नव्या करारात २७ पुस्तकं आहेत हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? आज आपण मानतो तीच २७ नावं अथनासियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात दिसतात. ती यादी मामेभाऊही मानतो. मग ती त्याच्याकडे आली कुठून ते शांतपणे विचारा, गळा धरून नको. आणि समोरच्याचंही नीट ऐका, शिकलेला प्रोटेस्टंट परंपरेला कचरा म्हणत नाही, तो म्हणतो न चुकणारा मापदंड फक्त शास्त्र. निकियाचा मतांगीकार (चौथ्या शतकातली श्रद्धेची घोषणा) त्यांच्यातले बरेचजण मानतात. वाद करायचा तर या "फक्त" वर करा.

इरेनेयस नावाचा बिशप सुमारे १८० साली लिहून गेला की कागद-शाई नसलेल्या कितीतरी जमातींनी ख्रिस्तावर विश्वास ठेवलाय, तारण त्यांच्या हृदयात लिहिलेलं आहे आणि ते जुनी परंपरा जपून आहेत. सातपुड्यात वाचायला येण्याआधी ऐकून विश्वास धरलेल्या आजीला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग कोणीतरी शेवटचा पत्ता टाकतो, "मरियेचं स्वर्गोन्नयन (देहासह स्वर्गात घेतलं जाणं) तुम्ही १९५० मधे शोधून काढलं." शोधून नाही काढलं, पायस बाराव्यांनी तेव्हा ते अधिकृतपणे जाहीर केलं. १५ ऑगस्टचा सण त्याआधी हजारेक वर्षं पूर्वेत आणि पश्चिमेत साजरा होत होता, पोपला न मानणारे ऑर्थोडॉक्सही मरियेच्या निद्रेचा सण म्हणून तो करतात. पण हे बोलताना त्या दिवसाची मिरवणूक, फुगे आणि डीजे मधे आणू नका, मामेभाऊ फुग्यांवरच बोलेल आणि त्याचं बरोबरही असेल.