प्रेआ विहारचा कडा: करार, नकाशा आणि मधले पंच

ब्रह्मगिरीवर उभं राहिलं की नाशिककराला पाणलोटाची रेषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एका अंगाचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्या अंगाचं वैतरणेतून अरबी समुद्राला. थायलंड-कंबोडिया सीमेचं मूळ अशाच एका डोंगरधारेवर आहे.

कंबोडिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि थायलंडला सयाम म्हणत. १९०४ च्या करारात ठरलं, की डांगरेक रांगेची पाणलोट रेषा हीच हद्द. नकाशा मात्र फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढला, १९०७ साली, आणि त्यात प्रेआ विहारचं शिवमंदिर कंबोडियात दाखवलं. मंदिर कड्याच्या टोकावर आहे. थायलंडकडून सोपी चढण, कंबोडियाकडून सरळ तुटलेला कडा. पाणलोट धरला तर मंदिर आमचं, असं थायलंड म्हणतो. कंबोडिया नकाशावर बोट ठेवतो. आपल्याकडे बांधाच्या भांडणात मोजणीचा कागद एक सांगतो आणि रोवलेला दगड दुसरं, तसंच हे.

१९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं. सयामनं इतकी वर्षं नकाशावर हरकत घेतली नव्हती, हे त्यात महत्त्वाचं ठरलं. भोवतालच्या जमिनीचा वाद मात्र उरलाच. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेलं आणि सैन्य समोरासमोर आलं.

२०११ मध्ये आसियानचं, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचं, अध्यक्षपद इंडोनेशियाकडे होतं. परराष्ट्रमंत्री मार्टी नतालेगावा दोन्ही राजधान्यांत गेले, सुरक्षा परिषदेनंही आसियानच्या प्रयत्नांना पाठिंबा दिला. इंडोनेशियाचे निरीक्षक सीमेवर राहतील असं ठरलं, पण थाई लष्कर राजी झालं नाही आणि ते निरीक्षक कधी पोहोचलेच नाहीत. पुढच्या सगळ्या रक्तपाताची बीजं मला या एका गोष्टीत दिसतात.

२४ जुलै २०२५ ला पुन्हा तोफा सुरू झाल्या. इथे देवळालीच्या तोफखान्याचा सराव असला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात, आणि सराव आहे हे ठाऊक असल्यानं कुणी जागचं हलत नाही. तिथे लाखो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. २८ जुलैला मलेशियाचे पंतप्रधान आणि त्या वर्षीचे आसियान अध्यक्ष अन्वर इब्राहिम यांनी दोघांना मलेशियातल्या पुत्रजयात बसवून शस्त्रसंधी घडवली. पाठीमागे अमेरिकेच्या आयातशुल्काचा दबाव होता, हेही खरंच. २६ ऑक्टोबरला क्वालालंपूरमध्ये शांततेचा जाहीरनामा झाला. नोव्हेंबरात सुरुंगस्फोटात थाई सैनिक जखमी झाले, थायलंडनं अंमलबजावणी थांबवली, डिसेंबरात पुन्हा लढाई पेटली. २७ डिसेंबरला पुन्हा शस्त्रसंधी.

योगायोगानं तारीख तीच, २६ ऑक्टोबर, पण १९९८ ची. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि इक्वेडोर यांनी ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझिलियात, आपला सीमावाद मिटवणाऱ्या करारावर सही केली. दोघांच्या १९९५ च्या लढाईनंतर अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे त्यांच्या सीमाकराराची हमी घेतलेले चार देश फक्त टेबलाशी बसले नव्हते. त्यांचे निरीक्षक जंगलात, दोन सैन्यांच्या मध्ये राहिले. सहीनंतर हद्दीचे उरलेले खांब रोवले गेले. सीमेवरच्या ज्या तिविन्सा ठाण्यासाठी सैनिक मेले, तिथली एक चौरस किलोमीटर जमीन खासगी मालमत्ता म्हणून इक्वेडोरला मिळाली आणि सार्वभौमत्व पेरूकडे राहिलं. त्या सीमेवर नंतर युद्ध झालेलं नाही.